एकाएकी पडणारी कुत्री आणि जंगलकाठची गावे

दिवाळी सरते, धान कापणीला येतो, तूर फुलावर येते आणि भद्रावती तालुक्यातील जंगलकाठच्या गावांत जागलीची रात्र लांबत जाते. मोहर्ली, मुधोली, चंदनखेडा या पट्ट्यात रात्री वावरात माणूस नसला, तर रानडुकरे आणि रोही सकाळपर्यंत या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पीक तुडवून मोकळे होतात. अशा वेळी मचाणावरच्या माणसाचा खरा जोडीदार म्हणजे खाली शेकोटीजवळ अंग टाकून पडलेले कुत्रे. डुकराची चाहूल त्यालाच आधी लागते आणि वाघाचीही. त्याला पगार नाही, त्याची कुठे नोंद नाही. उरलेली भाकर आणि वरणाचे पाणी, एवढाच त्याचा मेहनताना.

याच दिवसांत गावात पिल्ले दिसू लागतात. गावठी कुत्र्यांचा माजाचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटाला असतो, म्हणून बहुतेक पिल्ले हिवाळ्यातच होतात. कोठ्याच्या कोपऱ्यात, कुटाराच्या ढिगाआड पाच-सहा पिल्ले लोळत असतात. त्यातले एखादे चलाख पाहून शेतकरी पुढच्या हंगामासाठी धरून ठेवतो. आणि पौष-माघात, पिल्लू दोन-चार महिन्यांचे होता होता, गावोगाव तेच वाक्य कानावर येते : "कालपर्यंत चांगलं खेळत होतं, एकाएकी पडलं न मेलं."

काहून मेलं, या प्रश्नाला गावात दोन उत्तरे तयार असतात. एक, कोणीतरी विष घातले. दोन, बाहेरचे काही लागले. पहिल्या उत्तरावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत बोलणे बंद होते आणि दुसऱ्यावरून अंगाऱ्याला पैसे जातात. तिसऱ्या उत्तराचा, म्हणजे रोगाचा, विचार फार थोड्या घरी होतो. बैल आजारी पडला तर माणूस रात्री बारा वाजता डॉक्टरच्या दारी उभा राहील. कुत्र्यासाठी कोण जातो? "कुत्रंच तर होय, दुसरं आणू." दुसरे आणतात, त्याच जागी बांधतात आणि पंधरा दिवसांत तेही जाते.

हा लेख त्या तिसऱ्या उत्तराबद्दल आहे. कुत्र्याच्या रोगाचा प्रश्न आपल्या तालुक्यात कुत्र्यापुरता राहत नाही, तो ताडोबाच्या वाघापर्यंत आणि आपल्या घरातल्या लेकरापर्यंत जातो.

गोवर आणि बुळकांडीचा भाऊबंद

पिल्लांचा आणि तरुण कुत्र्यांचा घात करणारे दोन मोठे विषाणूजन्य रोग आहेत : डिस्टेंपर आणि पार्व्हो. डिस्टेंपर हे नाव इंग्रजी असले, तरी त्याचे कूळ शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. माणसाचा गोवर, ढोरांची बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर आणि कुत्र्याचा डिस्टेंपर हे सगळे एकाच घराण्यातले विषाणू आहेत. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे बिनबैलाची केली. जुन्या माणसांना ती आठवण अजून आहे. घरोघर लस देऊन ती हटवली गेली. भारतात तिची शेवटची लागण १९९५ मध्ये झाली, २००६ मध्ये देश या रोगापासून मुक्त जाहीर झाला आणि २०११ मध्ये सगळ्या जगातून ती नाहीशी झाल्याची घोषणा झाली. त्याच घराण्यातल्या डिस्टेंपरवर लस असूनही आपण तो नशिबावर सोडला आहे.

हा रोग खोकला-शिंकेतून, नाकाडोळ्यांच्या पाण्यातून, एकाच टोपल्यात खाण्यातून पसरतो. लागण झाल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांत लक्षणे दिसतात. आधी ताप येतो, एखाद-दोन दिवसांत उतरतो, म्हणून मालकाला वाटते बरे झाले. मग पुन्हा चढतो. डोळ्यांना चिकट पिवळसर घाण येते, नाक वाहते, खोकला लागतो, खाणे सुटते, ओकाऱ्या-हगवण होते. पोटाखालच्या केस नसलेल्या कातडीवर बारीक पुटकुळ्या येतात. काही कुत्र्यांच्या पायाचे तळवे आणि नाकाचा शेंडा जाड, टणक होतो. इतक्यातून एखादे वाचले, तरी काही आठवड्यांनी रोग मेंदूत शिरलेला दिसतो. पाय किंवा मान आपोआप झटके देते, काही चघळत असल्यासारखा जबडा हलतो, तोंडाला फेस येतो, झटका येऊन कुत्रे आडवे पडते, नाहीतर मागचे पाय ओढत चालते. "एकाएकी पडलं" म्हणतात ते पुष्कळदा हेच. मालकाच्या लेखी ते एकाएकी असते, कारण आधीच्या पंधरा दिवसांच्या वाहत्या डोळ्यांकडे कोणी पाहिलेले नसते.

या विषाणूला मारणारे औषध नाही. डॉक्टर सलाईन, ताप उतरवणारी आणि दुय्यम जंतूंवरची औषधे, झटक्यांवरचे इंजेक्शन देऊन कुत्र्याला तग धरायला मदत करतात, एवढेच. बरे झालेले कुत्रेही दोन-तीन महिन्यांपर्यंत विषाणू बाहेर टाकत राहू शकते. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. हा विषाणू अंगाबाहेर फार टिकत नाही. ऊन, साबण आणि साधी जंतुनाशके त्याला मारतात. थंडीत मात्र तो जास्त वेळ जगतो, आणि आपल्याकडे पिल्ले नेमकी थंडीतच असतात.

पार्व्होचे याच्या उलट. त्यात पिल्लू सुस्त होते, ओकते आणि घाण वासाची, रक्ताची हगवण लागते. दोन-तीन दिवसांत पिल्लू सुकून मरते. वेळेवर सलाईन मिळाले तर यातली बरीच पिल्ले वाचतात, म्हणून इथे दवाखाना गाठण्याला अर्थ आहे. पण हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतो. मेलेल्या पिल्लाच्या जागी लगेच नवे पिल्लू बांधले की तेही का मरते, याचे उत्तर त्या मातीत आहे.

विष, साप की रोग?

सगळ्याच मरणांना रोग जबाबदार धरणेही बरोबर नाही. विष असतेच. पिकावरच्या कीटकनाशकांपैकी अनेकांच्या विषबाधेत लाळ गळते, डोळ्याची बाहुली बारीक होते, अंग थरथरते, लघवी-संडास सुटते, आणि हे सगळे काही तासांत घडते. आठ-दहा दिवस डोळे वाहून मग पडलेल्या कुत्र्याला कोणी विष घातले नाही, हे एवढ्यावरूनही समजावे. शेजाऱ्याशी भांडण्यापूर्वी दिवस मोजावेत.

साप हे दुसरे कारण, विशेषतः जागलीवरच्या कुत्र्यांत. घोणस चावली तर तोंड किंवा पाय सुजतो, रक्त वाहत राहते. नाग-मण्यार चावली तर सूज कमी किंवा नाही, पण पापण्या मिटतात, मान टाकतात, श्वास अडखळतो. गोचीड तापाचे कुत्रे हळूहळू खंगते. त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात, काही प्रकारांत लघवी चहासारखी होते. आणि मे महिन्यातल्या चंद्रपुरी उन्हात पत्र्याखाली बिनपाण्याचे बांधलेले कुत्रे तासाभरात धापा टाकत मरू शकते. त्याला ना लस लागते ना डॉक्टर, त्याला सावली आणि पाण्याचे टोपले लागते.

दवाखान्यात जाताना चार गोष्टी सांगता आल्या तर डॉक्टरचे अर्धे काम होते : कुत्र्याचे वय, लस दिली होती का, पहिले लक्षण कोणते व किती दिवसांपूर्वीचे, आणि आजूबाजूला आणखी किती कुत्री अशीच पडली. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एक कुत्रे मेले तर ती घरची गोष्ट, एका आठवड्यात एकाच गावात पाच मेली तर ती पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाला आणि जंगलकाठी असाल तर वनरक्षकालाही त्याच दिवशी कळवायची गोष्ट आहे. फोनवर १९६२ हा पशुसेवेचा क्रमांकही आहे.

तोंडात हात घालू नका

लेखातला हा भाग मुलाबाळांच्या घरी मोठ्याने वाचावा. डिस्टेंपरचे झटके आणि पिसाळलेल्या कुत्र्याची लक्षणे बाहेरून इतकी सारखी असू शकतात, की नुसते पाहून फरक करणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. मालकाला वाटते, घशात हाड अडकले. तो माया करून तोंडात हात घालतो आणि हाड शोधतो. ते पिसाळलेले असेल तर हातावरच्या बारीकशा ओरखड्यातूनही लाळेतला रेबीजचा विषाणू शरीरात जाऊ शकतो. कुत्रे चावलेलेच नसते, म्हणून मालक दवाखान्यात जात नाही. डिस्टेंपर माणसाला होत नाही. रेबीज होतो, आणि एकदा लक्षणे दिसली की त्यातून माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल.

म्हणून झटके येणारे, लाळ गाळणारे, स्वभाव बदललेले कुत्रे हे रेबीजचेच आहे असे धरून वागावे. दोरीने हात न लावता वेगळे बांधता आले तर बांधावे, नाहीतर लेकरांना आणि ढोरांना दूर करून डॉक्टरला बोलवावे. चावले, ओरबाडले किंवा जखमेवर लाळ लागली तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि सांगतील तितकी सगळी इंजेक्शने पूर्ण घ्यावीत. दोन घेतली, बरे वाटते, म्हणून तिसऱ्याला कापूस वेचायला जाणारे लोक आहेत. तसे करू नये.

फेरेट नावाच्या प्राण्याची गोष्ट

डिस्टेंपरवरची लस आली ती एका वेगळ्याच प्राण्याच्या जिवावर, आणि ती हकिगत सांगण्यासारखी आहे. युरोपात मुंगसाच्या चणीचा, लांबुळका, फेरेट नावाचा प्राणी पाळतात. बिळातले ससे हुसकावून काढण्यासाठी शेतकरी त्याला वापरत. तो पुष्कळदा घराबाहेर, आवारातल्या लाकडी खुराड्यातच ठेवतात. आपल्या जंगलातले चांदी अस्वल आणि पाणमांजर हे याच कुळातले. डिस्टेंपर झाला की फेरेट जवळजवळ वाचतच नाही. आज खेळता, आठवड्या-दोन आठवड्यांत गेला. म्हणून फेरेट पाळणारे आजही दोन गोष्टी कटाक्षाने पाळतात : वेळेवर लस, आणि अनोळखी कुत्र्याला हात लावला तर हात धुतल्याशिवाय खुराड्याजवळ जायचे नाही.

हा रोग विषाणूमुळे होतो हे फ्रान्समधील आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखवले होते, पण पुष्कळांना ते पटत नव्हते. इंग्लंडमध्ये शिकारी कुत्री या रोगाने मरत, म्हणून तिथल्या 'द फील्ड' या नियतकालिकाने १९२० च्या दशकात वाचकांकडून निधी जमवला. त्या पैशावर पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांनी फेरेटवर प्रयोग करून कारे यांचे म्हणणे सिद्ध केले आणि कुत्र्यांची लस तयार केली. एका शेती-शिकारीच्या पत्राने वर्गणी काढली आणि लस जन्माला आली, हे आपल्यासारख्या पानाच्या वाचकांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पुढचा भाग अमेरिकेतला. तिथे काळ्या पायांचा रानटी फेरेट नामशेष झाला असे धरले होते. १९८१ मध्ये वायोमिंग राज्यातल्या मीटीत्सी गावाजवळ एका शेतावरच्या कुत्र्याने मेलेला फेरेट दारात आणून टाकला आणि शेवटची वस्ती सापडली. चारच वर्षांनी, १९८५ मध्ये, त्या वस्तीत डिस्टेंपर शिरला. वाचलेले धरून आणले, ते अवघे अठरा. आज जंगलात आणि केंद्रांत असलेले या जातीचे प्राणी त्याच अठरांपैकी काहींची संतती आहेत.

यातला आणखी एक धडा थेट आपल्या उपयोगाचा. १९७० च्या दशकात अशाच सहा रानटी फेरेटना कुत्र्यांची जिवंत लस टोचली, तर त्यातले चार लसीनेच मेले. ज्या जनावराची लस त्यालाच द्यायची, आणि डॉक्टरच्या सांगण्यावरून द्यायची. शेळीची उरलेली पीपीआरची लस कुत्र्याला "चालून जाईल" म्हणून टोचण्याचा उद्योग कोणी करू नये.

गावातून जंगलात

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये आले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. मोहर्लीचे प्रवेशद्वार आपल्याच तालुक्यात आहे. भोवतालच्या बफरमधल्या गावांत बिबट्या रात्री कुत्रे उचलतो, ही बातमी राहिलेली नाही इतकी नेहमीची गोष्ट आहे. पण आजारी, मागचे पाय ओढणारे कुत्रेच त्याला सर्वांत सोपे सापडते, इकडे आपले लक्ष जात नाही. मोकाट कुत्र्यांची टोळी जंगलात जाऊन चितळाचे पिल्लू मारते, तिथे त्याच मांसावर रानकुत्री आणि कोल्हे येतात. ताडोबाची रानकुत्री पाहायला लोक लांबून येतात. ती कुत्र्याचीच सोयरी, तेव्हा कुत्र्याचा रोग त्यांना लागायला आडकाठी नाही.

मांजरकुळाला हा रोग होत नाही, अशी पूर्वी समजूत होती. ती १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत मोडली. तिथे अंदाजे एक हजार सिंह, म्हणजे एकूण सिंहांपैकी तिसरा हिस्सा, डिस्टेंपरने गेले. आपल्याकडे २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या गीरमधील दलखाणिया भागात वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत त्यांपैकी काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला. मग धावपळ करून परदेशातून लस मागवावी लागली. रशियाच्या पूर्व टोकाच्या जंगलात डिस्टेंपर झालेले वाघ माणसाची भीती विसरून रस्त्यावर, वस्तीत येऊन उभे राहिल्याची उदाहरणे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात निरोगी वाघाशी जुळवून घेताना माणसांचे जीव जात आहेत. भीती गेलेला, डोके बिघडलेला वाघ गावात आला तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

महाराष्ट्रातही याचा माग काढला गेला आहे. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात गावकुत्र्यांचे आणि खोकडांचे रक्त तपासले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुसंख्य मोठ्या कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपर आणि पार्व्होच्या जुन्या लागणीच्या खुणा मिळाल्या, काही खोकडांतही मिळाल्या. म्हणजे गावात जी कुत्री जगलेली दिसतात, त्यातली पुष्कळ हे रोग पचवून जगलेली असतात. न पचलेली कोणाच्या मोजणीत येत नाहीत.

इथे एक खुलासा हवा. कुत्र्यांना लस दिली की वाघ आपोआप सुरक्षित, असे समजू नये. सेरेंगेटीत नंतर गावकुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस दिली गेली. कुत्र्यांतला रोग कमी झाला, तरी रानटी प्राण्यांत विषाणू फिरतच राहिला. म्हणून "वाघ वाचवा" या घोषणेखाली नव्हे, तर आधी स्वतःचे जागलीचे कुत्रे वाचवण्यासाठी लस द्यावी. गावातून जंगलात जाणारी एक वाट अरुंद झाली, तर तो वरचा फायदा.

कायद्यात गुरे आहेत, कुत्रे नाही

वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये कलम ३३-अ आले. अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटर परिसरातल्या पाळीव जनावरांना संसर्गजन्य रोगांच्या लसी देण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकांनी करावी, असे ते कलम सांगते. आपल्या तालुक्यातील अनेक गावे या अंतरात बसतात. पण त्याच कायद्याने 'पाळीव जनावरे' म्हणून जी यादी दिली आहे तीत म्हशी, बैल, गायी, शेळ्या, मेंढ्या, डुकरे, कोंबड्या, बदके, फार काय उंट आणि याकसुद्धा आहेत. कुत्र्याचे नाव नाही. चंद्रपूरच्या जंगलकाठी याक कोणी पाहिला असेल असे वाटत नाही, कुत्रे मात्र घरटी एक आहे.

दुसरीकडे, २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकतात. त्यात रेबीज आहे, डिस्टेंपर नाही. पशुसंवर्धन खात्याचा भर दुधाच्या आणि कामाच्या जनावरांवर असतो, त्यात गैर काही नाही. परिणाम असा, की वनखात्याच्या हद्दीवर राहणारे, पंचायतीच्या रस्त्यावर फिरणारे आणि शेतकऱ्याचे पीक राखणारे हे जनावर तिघांच्याही वहीतून निसटले आहे.

बफरमधल्या गावांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेखालील ग्राम परिस्थितिकी विकास समित्या आहेत. त्यांच्या आराखड्यात कुत्र्यांच्या लसीकरणाचा एक विषय घालायला सांगणे सरपंचांना अवघड नाही. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यासाठी योग्य आहे, कारण तेव्हा हिवाळ्यातली पिल्ले नेमकी लसीच्या वयाची झालेली असतात. ठरावात गावातील पाळीव कुत्री किती, मोकाट किती, पिल्ले किती हे आकडे असावेत. आकड्याशिवायचा ठराव फाइलीतच पडून राहतो.

लस कशी, केव्हा

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली मात्रा. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. एकाच मात्रेने भागत नाही, याचे कारण आईच्या चिकातून आलेली ताकद. ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लसीलाही दाबून टाकते, आणि ती नेमकी कधी ओसरेल ते पिल्लागणिक वेगळे. शेवटची मात्रा म्हणून महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच चुकवतात. वर्षाने एक वाढीव मात्रा, पुढे डॉक्टर सांगतील तशी. डिस्टेंपर, पार्व्हो आणि आणखी दोन-चार रोगांची मिळून एकच लस येते. औषध दुकानात तिला 'सेव्हन इन वन' वगैरे नावांनी मागतात. रेबीजची लस वेगळी, पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर, मग वर्षाने पुन्हा. वयात आलेल्या, कधीच लस न दिलेल्या कुत्र्यालाही ती सुरू करता येते. आजारी, तापलेल्या कुत्र्याला मात्र आता देऊन उपयोग नाही.

लस दोन ते आठ अंश सेल्सिअस थंडाव्यात राहिली पाहिजे. वरोरा किंवा चंद्रपूरहून मोटरसायकलच्या डिकीत, दुपारच्या उन्हात आणलेली बाटली म्हणजे नुसते पाणी. बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणावी आणि पावडरीत पाणी मिसळले की लगेच टोचावी. पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून एक दिवस ठरवून डॉक्टरला गावात बोलावले, तर थर्मासही एकच लागतो आणि खर्चही वाटला जातो. जंताचे औषध त्याच्या आधी द्यावे. पोटात जंतांचे गाठोडे असलेल्या पिल्लात लस नीट धरत नाही.

गावात रोग दिसला असेल तर आजारी कुत्रे वेगळे, त्याचे टोपले वेगळे, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याने दुसऱ्या पिल्लांकडे जाण्यापूर्वी हातपाय साबणाने धुणे, एवढे तरी करावे. मेलेले कुत्रे नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला फेकण्याची रीत बंद झाली पाहिजे. खोल खड्डा, वर चुना आणि वरून काटेरी फांद्या किंवा दगड, कारण उथळ पुरलेले रानडुक्कर आणि तरस उकरून काढतात. हेच मेलेल्या कोंबड्यांना लागू. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने मेले. ते वाघ चंद्रपूर जिल्ह्यातून तिकडे नेलेले होते. पक्ष्यांचा रोग वाघाला मारू शकतो, हे त्या घटनेने दाखवले.

पार्व्होने पिल्लू गेले असेल तर त्या जागेची वरची माती आणि गोणपाट काढून जाळावे किंवा पुरावे. सिमेंटची जागा असेल तर आधी घाण धुऊन, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असे द्रावण टाकून दहा मिनिटे राहू द्यावे. मातीच्या अंगणात ब्लीचचा फारसा उपयोग होत नाही, तिथे ऊन आणि वेळ हेच औषध. त्या कोपऱ्यात लसीचे सगळे डोस पूर्ण झाल्याशिवाय नवे पिल्लू बांधू नये, शेजारच्याचे असले तरी.